मुद्दाम हरलेली शर्यत: ड्रॅग रेसिंग, टीम ऑर्डर्स आणि लेनमध्ये नसलेला तिसरा माणूस

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं आणि "म्हणजे म्हणजे" कमी केलंय.)



मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं की इंजिनांवर पुरे झालं, आता जरा ती चालवणाऱ्या माणसांवर बोल. मग म्हटलं चला, आज एक भांडण सांगतो. २००९ सालचं, अमेरिकेतलं. टीव्हीवर थेट दिसलेलं. आणि त्या भांडणाच्या निमित्ताने माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे, जी मी या पॉडकास्टवर आजपर्यंत कधी बोललो नाही. ती शेवटी.

आधी ज्यांना ड्रॅग रेसिंग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. ज्यांना माहीत आहे त्यांनी तोवर चहा टाकावा.

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्या, दोन लेन, एक सरळ पट्टी. वळण नाही, लॅप नाही, पिट स्टॉप नाही. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशोबात साधारण ४०२ मीटर. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत, तुमच्यातले काही जण बघायला गेलेही असतील. पण अमेरिकेतली जी वरची पातळी आहे, एनएचआरए नावाच्या संस्थेची, ते प्रकरण वेगळंच आहे. ही संस्था १९५१ साली वॉली पार्क्स यांनी सुरू केली. रस्त्यावर बेकायदा शर्यती लावणाऱ्या पोरांना रीतसर जागा मिळावी, नियम मिळावेत, हा हेतू. आजही तिथे जिंकणाऱ्याला जी ट्रॉफी मिळते तिला लाडाने "वॉली" म्हणतात.

त्यातला फनी कार हा वर्ग आपल्या आजच्या गोष्टीचा. नाव गमतीशीर आहे, गाडी अजिबात नाही. बाहेरून साध्या गाडीसारखं दिसणारं कार्बन फायबरचं कवच, ते उचललं की आत नुसती चौकट आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात सुपरचार्ज केलेलं व्ही-८ इंजिन. इंधन पेट्रोल नाही, जवळपास ९० टक्के नायट्रोमिथेन. ताकद हजारो हॉर्सपॉवर. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग, आणि अख्खी शर्यत चार सेकंदांच्या आसपास संपलेली. मी हे वाक्य बोलायला घेतला त्याहून कमी वेळ.

या नायट्रोच्या गाड्यांसाठी अंतर २००८ पासून १००० फुटांवर आणलं, कारण त्या वर्षी जूनमध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला. थांबायला जागा जास्त मिळावी म्हणून पट्टी छोटी केली. हे सांगतोय ते यासाठी की या खेळात "जीव लावून खेळतात" हे नुसतं बोलण्यापुरतं नाहीये.

आता स्पर्धेची रचना. हा भाग नीट ऐका, कारण आजचं सगळं भांडण इथूनच निघतं.

पात्रता फेऱ्यांमधून १६ गाड्या निवडल्या जातात. मग बाद फेरी. १६ च्या ८, ८ च्या ४, ४ च्या २, आणि एक विजेता. हरलास की त्या दिवसापुरतं सामान गुंडाळायचं. प्रत्येक फेरी जिंकली की २० गुण. हे गुण वर्षभर साठत जातात आणि त्यावर अजिंक्यपद ठरतं. सरळ आहे.

पण २००७ पासून एनएचआरएने त्यात "काउंटडाउन" नावाची प्ले-ऑफ पद्धत आणली. पहिल्या वर्षी आकडे वेगळे होते, पण २००८ मध्ये आणि त्यानंतर काही वर्षं साधारण असं होतं: पहिल्या १८ स्पर्धा झाल्या की गुणतक्त्यातले वरचे १० जण आत, बाकीचे अजिंक्यपदाच्या शर्यतीतून बाहेर. आत आलेल्या दहांचे गुण पुन्हा मांडले जायचे, अंतर कमी केलं जायचं, आणि उरलेल्या ६ स्पर्धांमध्ये फैसला. आपल्याला आयपीएलमुळे हे कळायला सोपं जातं. चौथा आणि पाचवा यांच्यात फरक एका जागेचा, पण चौथा प्ले-ऑफ खेळतो आणि पाचवा घरी बसून बघतो. तसंच इथे दहावा आणि अकरावा.

आणि त्या काळात ही कात्री जिथे चालायची ती अठरावी स्पर्धा म्हणजे यूएस नॅशनल्स. इंडियानापोलिसजवळ, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेच्या सुट्टीला. १९५५ मध्ये सुरू झालेली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मानाची स्पर्धा. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि वर्षातली सगळ्यात निर्दयी कात्री, दोन्ही एकाच दिवशी.

आता माणसं. चौघांची नावं लक्षात ठेवा.

पहिला जॉन फोर्स. फनी कारमधला सगळ्यात मोठा माणूस. १६ अजिंक्यपदं, त्यातली १९९३ ते २००२ अशी सलग दहा. ड्रायव्हर तर होताच, पण संघाचा मालकही तोच. २००९ मध्ये त्याच्या संघाच्या चार गाड्या एकाच वर्गात धावत होत्या. एकीत तो स्वतः, दुसरीत त्याची मुलगी ॲशली, तिसरीत रॉबर्ट हाइट, चौथीत माइक नेफ. हा रॉबर्ट हाइट त्या वेळी फोर्सचा जावई.

दुसरा, हा हाइट. चांगला ड्रायव्हर, पण ते वर्ष वाईट चाललेलं. यूएस नॅशनल्सला आला तेव्हा पहिल्या दहात नव्हता.

तिसरा क्रूझ पेड्रिगॉन. आधीच्या वर्षीचा, म्हणजे २००८ चा विजेता. त्याआधी १९९२ मध्येही जिंकलेला. फोर्सच्या १९९० आणि ९१ च्या विजेतेपदांनंतर मध्येच खोडा घालणारा तोच. २००९ मध्ये तो त्या शेवटच्या, दहाव्या जागेसाठी झगडत होता.

चौथा टोनी पेड्रिगॉन, क्रूझचा भाऊ. हा आधी बरीच वर्षं फोर्सच्याच संघात होता. २००३ मध्ये त्याने फोर्सच्या संघाची गाडी चालवत अजिंक्यपद मिळवलं आणि स्वतःच्या मालकाची सलग दहा वर्षांची मालिका तोडली. मग बाहेर पडला, भावाबरोबर स्वतःचा संघ काढला, २००७ मध्ये परत जिंकला. म्हणजे फोर्सचं घर आतून बघितलेला माणूस.

तर तो सोमवार. उपांत्य फेरी. एका लेनमध्ये जॉन फोर्स, दुसऱ्या लेनमध्ये रॉबर्ट हाइट. मालक विरुद्ध नोकर, सासरा विरुद्ध जावई, कसंही बघा. फोर्स हरला तर त्याचं फारसं बिघडत नव्हतं. हाइट जिंकला तर तो क्रूझला मागे टाकून काउंटडाउनमध्ये जाणार होता.

हाइट जिंकला. फोर्सची गाडी नीट धावलीच नाही.

पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, जिथे गाड्या थांबतात आणि कॅमेरे उभे असतात, तिथे टोनी पेड्रिगॉनने फोर्सला गाठलं आणि तोंडावर सांगितलं की तू ही शर्यत सोडलीस. फोर्स भडकला. तो काही गप्प बसणारा माणूस नाही. त्याने साफ नाकारलं. दोन मोठी माणसं, हेल्मेटमधून बाहेर आलेले घामेजलेले चेहरे, कॅमेऱ्यासमोर एकमेकांवर ओरडतायत. ज्यांनी ते थेट पाहिलं ते अजून विसरलेले नाहीत.

त्या दिवशीची स्पर्धा ॲशलीने जिंकली. यूएस नॅशनल्समध्ये फनी कार जिंकणारी पहिली बाई. खरं तर त्या दिवसाची बातमी ती असायला हवी होती. पण आज त्या दिवसाबद्दल शोधलंत तर आधी भांडण सापडतं. आणि हाइट? दहाव्या जागेवरून काउंटडाउनमध्ये शिरलेला हा माणूस त्या वर्षीचा अजिंक्य ठरला.

आता तुम्ही म्हणाल, मग खरं काय? फोर्सने सोडली का नाही?

मी इंजिनिअर आहे, तर पहिला विचार माझ्या डोक्यात हाच आला की डेटा काढा ना. या गाड्यांवर डेटा रेकॉर्डर असतो. इंजिनचे फेरे, क्लच, चाकांचा वेग, सगळं नोंदलं जातं. शर्यत झाल्यावर क्रू चीफ लॅपटॉप लावतो आणि त्या चार सेकंदांची अक्षरशः चिरफाड करतो. मग लॉग बघून कळेल की नाही?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नायट्रोच्या गाडीत हरणं हीच सोपी गोष्ट आहे. जिंकणं अवघड. त्या मागच्या चाकांवर इतकी ताकद असते की ती कुठल्याही क्षणी पकड सोडून नुसती गरगर फिरायला लागतात आणि धूर निघतो. टायर स्मोक. अगदी सर्वोत्तम संघांच्या गाड्यांनाही हे सर्रास होतं. चाकांची पकड आपोआप सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नियमात बसत नाही. क्लच किती वेळाने किती आवळायचा, इग्निशनचं टायमिंग किती, हे सगळं क्रू चीफ आधीच अंदाजाने ठरवून ठेवतो. पट्टीचं तापमान बघून, हवा बघून, आधीच्या फेरीचे आकडे बघून. अंदाज थोडा जास्त आक्रमक झाला की धूर. थोडा मवाळ झाला की गाडी हळू.

म्हणजे बघा. मुद्दाम हरायचं असेल तर क्लचचं सेटिंग जरा जास्त आक्रमक ठेवा, बस. आणि मनापासून जिंकायचं असेल आणि समोर तगडा प्रतिस्पर्धी असेल, तरीही तुम्ही सेटिंग जास्त आक्रमकच ठेवाल! कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. लॉगमध्ये काय झालं ते लिहिलेलं असतं, का झालं ते नसतं. आपल्या धंद्यात पण हेच ना? प्रोडक्शनला काहीतरी पडलं की लॉगवरून कळतं कुठली ओळ फुटली. पण ती ओळ लिहिणाऱ्याने घाईत लिहिली, अज्ञानाने लिहिली की मुद्दाम, हे कुठलाही लॉग सांगत नाही.

म्हणून मी फोर्सबद्दल निकाल देणार नाही. त्याने नाकारलंय, आणि त्याच्या बाजूने एक मुद्दा खरंच आहे. २००३ मध्ये त्याच्याच पगारावर असलेल्या टोनीने त्याची मालिका तोडली, आणि ती त्याने तोडू दिली. "माझ्याच माणसाला माझ्यापुढे जाऊ देणार नाही" असा तो असता तर ते घडलं नसतं. पण टोनीच्या बाजूने विचार केला तर हेही खरं की ज्या घरात मालक, सासरा आणि प्रतिस्पर्धी एकच माणूस आहे, तिथे कुणी कुणाला आदेश द्यायची गरजच नसते. सगळ्यांना सगळं माहीत असतं.

टीम ऑर्डर म्हटलं की आपल्याला फॉर्म्युला वन आठवतं. २००२, ऑस्ट्रिया. बॅरिकेलो आख्खी शर्यत पुढे, आणि शेवटच्या लॅपला अगदी रेषेजवळ हळू होऊन मायकल शूमाकरला पुढे जाऊ देतो. प्रेक्षकांनी हुर्यो केली. शूमाकरने ओशाळून बॅरिकेलोला पोडियमवर वरच्या पायरीवर उभं केलं. फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला, आणि गंमत म्हणजे तो पोडियमच्या शिष्टाचाराचा भंग केला म्हणून. २००३ पासून टीम ऑर्डर्सवर बंदी आली. मग २०१० मध्ये जर्मनीत फेरारीनेच मासाला रेडिओवर कळवलं की अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगात आहे. आदेश नाही हं, नुसती माहिती! मासा बाजूला झाला, फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, आणि २०११ पासून ती बंदीच काढून टाकली. कारण जो नियम सिद्ध करता येत नाही तो पाळणाऱ्यालाच महाग पडतो.

पण फॉर्म्युला वन आणि ड्रॅग रेसिंगमध्ये एक मोठा फरक आहे. फॉर्म्युला वनमध्ये बाजूला झालेला मासा तरीही दुसरा येतो, गुण मिळवतो, पोडियमवर उभा राहतो. बाद फेरीत मात्र लेनमध्ये दोघंच असतात. सोडणारा तिथेच संपतो. आणि तरीही कुणी सोडत असेल, तर त्याचा अर्थ हरण्याची किंमत जिंकण्यापेक्षा जास्त झालेली आहे. हे कुणी केलं? रचनेने केलं. चार गाड्यांचा संघ चालू द्यायचा, दहाव्या जागेवर कात्री लावायची, आणि संघातल्या गाड्या एकमेकांसमोर आल्या की "आता सगळे प्रामाणिक राहा" म्हणायचं.

बरं, मोठे संघ बंद करा म्हणणंही सोपं नाही. चार गाड्या म्हणजे चौपट डेटा. एका फेरीत चार वेगवेगळ्या सेटिंग्ज कशा धावल्या ते कळतं, सुटे भाग वाटून वापरता येतात, दोन फेऱ्यांच्या मधल्या तास-सव्वा तासात इंजिन पूर्ण उघडून परत जोडायला हात जास्त मिळतात. खर्च इतका आहे की एकेकटे संघ टिकणं कठीण. म्हणजे ज्या गोष्टीमुळे खेळ जिवंत आहे तीच गोष्ट त्याच्या मुळाशी बोटं घालते.

आणि एक गैरसमज नको. गाडी हळू करणं म्हणजे नेहमीच लबाडी असं नाही. एनएचआरएच्याच हौशी वर्गांत ड्रायव्हर आधी सांगतो की माझी गाडी अमुक सेकंदात जाईल, आणि त्याहून वेगात गेला तर हरतो. तिथे रेषेआधी ब्रेक लावणं ही कला आहे, सगळ्यांना मान्य. डावपेच पण मान्य असतात. १९७१ च्या यूएस नॅशनल्सची अंतिम फेरी घ्या. डॉन गार्लिट्स आणि स्टीव्ह कार्बोन. दोघांनी इंजिनं चालू ठेवली आणि आधी रेषेवर कोण येणार यावर अडून बसले. इंजिनं तापतायत, लोक ओरडतायत, पंच वैतागलेत. कुणीच हलेना. शेवटी गार्लिट्स आधी गेला, आणि कार्बोन जिंकला. १९६८ ला याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत गार्लिट्सने कार्बोनला हरवलं होतं, तर हा हिशोबही चुकता झाला. याला खिलाडूवृत्ती म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण दोघंही जिंकण्यासाठीच अडले होते. त्यामुळे लोक ती फेरी आजही मजेने सांगतात. तिथे कुणी फसवलं गेलं नाही.

याच्या उलट टोकाला १९७८. पुन्हा यूएस नॅशनल्स, या वेळी फनी कारची अंतिम फेरी. टॉम मॅकइवन विरुद्ध डॉन प्रुडोम. "मुंगूस" आणि "स्नेक". हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्यांमुळे ही जोडी अमेरिकेतल्या पोरापोराला माहीत होती. प्रुडोम त्या काळात अजिंक्य होता, १९७५ ते ७८ सलग चार विजेतेपदं. आणि मॅकइवनचा मुलगा काही दिवसांपूर्वीच रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. विचार करा, समोरच्या लेनमध्ये असा बाप उभा आहे. मॅकइवन जिंकला.

ती शर्यत आज पन्नासएक वर्षांनी लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात, कारण त्यांचा विश्वास आहे की ती खरी होती. प्रुडोमने दया म्हणून पाय उचलला होता असं उद्या कुणी सिद्ध केलं, तर मॅकइवनच्या हातात काय उरेल? सहानुभूतीपत्र. समोरच्याला दिलेला सगळ्यात मोठा मान म्हणजे त्याच्याविरुद्ध पूर्ण ताकदीने धावणं. हे मला फार उशिरा कळलं.

आता मूळ मुद्दा. २००९ च्या त्या भांडणात सगळे फोर्स, हाइट आणि टोनी यांच्याबद्दल बोलतात. पण ज्याचं नुकसान झालं तो माणूस त्या लेनमध्ये नव्हताच. तो क्रूझ होता. आधीच्या वर्षीचा विजेता, आणि त्याचं वर्ष दोन दुसऱ्याच माणसांच्या चार सेकंदांत संपलं. तो काही करू शकत नव्हता. ना वेगात जाऊ शकत होता, ना चांगली सुरुवात घेऊ शकत होता. फक्त बघू शकत होता.

फुटबॉलवाल्यांना हे माहीत असेल. १९८२ चा विश्वचषक, स्पेनमधलं गिहोन. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया. जर्मनीने सुरुवातीलाच एक गोल केला, आणि १-० वर दोघंही पुढे जात होते. मग उरलेला वेळ दोघंही चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. बाहेर कोण गेलं? अल्जीरिया. आदल्याच दिवशी आपला सामना जिंकून बसलेला संघ. मैदानावर नव्हताच तो. त्यानंतर फुटबॉलने एक शहाणपण केलं: पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात. भाषण नाही, नैतिकतेचे धडे नाहीत, फक्त वेळापत्रक बदललं. इंजिनिअर म्हणून मला हा उपाय आवडतो. माणसांना देव बनवायला जाऊ नका, मोह कमी करा.

पण फक्त रचनेवर ढकलून मोकळं व्हायचं का? इथे माझी गोष्ट येते.

बीटेकचं तिसरं वर्ष. दुसऱ्या शहरात आंतरमहाविद्यालयीन रोबो-रेसची स्पर्धा होती. आमच्या कॉलेजच्या दोन टीम गेल्या होत्या. गटात गुणांची पद्धत. आमची टीम आधीच पुढच्या फेरीत गेलेली. शेवटची मॅच आमचीच दुसऱ्या टीमशी. ते जिंकले तर ते पण पुढे. आम्ही जिंकलो तर एका पॉलिटेक्निकची टीम पुढे. तीन फेऱ्यांची मॅच, पहिली आम्ही सहज जिंकलो.

मग एक सीनियर आला आणि हळूच म्हणाला, "बघून घ्या रे जरा. आपलीच पोरं आहेत." एवढंच. आदेश नाही. नुसती माहिती.

मी लॅपटॉप उघडला आणि मोटरच्या वेगाची मर्यादा कमी केली. एक आकडा. एक ओळ. दुसरी फेरी आम्ही हरलो.

ती पॉलिटेक्निकची तीन पोरं तिथेच दोरीला टेकून उभी होती. अर्थात, त्यांचं सगळं आमच्यावरच अवलंबून होतं. त्यातला एक, सगळ्यात बारका, माझ्याकडे आला आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बॅटरी उतरली बहुतेक. तो पळत गेला आणि स्वतःची चार्ज केलेली जादा बॅटरी घेऊन आला. म्हणाला, "दादा, ही लावा. सेम कनेक्टर आहे, मी बघितलं मघाशी."

मी म्हटलं, राहू दे, वेळ नाहीये.

वेळ होता.

तिसरी फेरी पण आम्ही हरलो. ती पोरं सामान बांधून संध्याकाळच्या एसटीने गेली. जाताना तो माझ्याशी हात मिळवून गेला, "बॅड लक, दादा" म्हणाला. त्याला वाटत होतं माझं नशीब वाईट आहे.

त्या ओळीबद्दल कुणाला काहीच कळलं नाही. कुणी माझ्या तोंडावर येऊन टोनीसारखं ओरडलं नाही. ओरडलं असतं तर मीही फोर्ससारखंच छाती काढून नाकारलं असतं, आणि कोड बघितला असता तरी "ट्यूनिंग करत होतो" म्हणून निभावलं असतं. आमची दुसरी टीम पुढच्या फेरीत हरली. त्यांनाही आतून माहीत होतं की ते कसे आले. आम्ही त्या स्पर्धेबद्दल आपसात परत कधी बोललो नाही. फोटो आहेत, कुणी स्टेटसला लावत नाही.

म्हणून मी रचनेला दोष देतो, आणि तरीही म्हणतो की ती ओळ मी बदलली. रचनेने मोह ठेवला, सीनियरने इशारा केला, पण कीबोर्डवर बोटं माझी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. गटाची पद्धत वाईट होती हे आयोजकांना सांगायचं काम वेगळं, आणि त्या पोराच्या डोळ्यांत बघून बॅटरी लावायची की नाही हे माझं काम वेगळं.

हाइटचा विचार करतो तेव्हा मला त्याच्याबद्दलही वाईट वाटतं. त्या शेवटच्या सहा स्पर्धा त्यानेच चालवल्या, विजेतेपद त्याने कमावलं. पण कुठेतरी कुणीतरी २००९ म्हटलं की तो प्रश्न येतोच. फोर्सने खरंच सोडली नसेल, तर एका जावयाच्या खऱ्या विजयावर बसलेला तो डाग किती अन्याय्य आहे. आणि सोडली असेल, तर ती भेट म्हणून दिली, आणि भेट घेणाऱ्याच्याच गळ्यात ती अडकली.

तर मंडळी, तुमच्या ऑफिसात, सोसायटीच्या क्रिकेटमध्ये, पोरांच्या शाळेच्या स्पर्धेत, कुठेही "आपलाच आहे, बघून घे" असं कुणी म्हटलं, की एक काम करा. आजूबाजूला बघा की दोरीला टेकून कोण उभं आहे. कुणीतरी असतंच.

आणि तू, जर कुठे हे ऐकत असशील, तर बॅटरी उतरली नव्हती. सॉरी.

पुढच्या भागात परत यंत्रांकडे वळू, क्लच या एकाच गोष्टीवर अर्धा तास बोलायचं आहे. तुमच्याकडे असे मुद्दाम सोडलेल्या सामन्यांचे किस्से असतील तर नक्की कळवा, नाव नको असेल तर नाव घेणार नाही. काळजी घ्या. भेटू.